ब्रिटनचं पंतप्रधानपद

ब्रिटनचं पंतप्रधानपद कुठला कायदा करून तयार केलेलं नाही, ते वापरात येत येत घडलं. रॉबर्ट वॉलपोल हा पहिला पंतप्रधान मानतात, १७२१ ते १७४२, सलग २० वर्षांहून जास्त, आणि तेवढा काळ नंतर कोणालाच मिळाला नाही. कागदोपत्री तो होता ट्रेझरीचा, म्हणजे सरकारी तिजोरीच्या खात्याचा, फर्स्ट लॉर्ड. राजा पहिला जॉर्ज जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेला, त्याने मंत्र्यांच्या बैठकांना बसणं सोडून दिलं, मग बैठक चालवणारा, संसदेकडून पैसे मंजूर करून घेणारा आणि वर राजालाही सांभाळणारा कोणीतरी लागणारच होता, ते काम वॉलपोलने केलं. १० डाउनिंग स्ट्रीट हे घर पुढचा राजा दुसऱ्या जॉर्जने त्याला देऊ केलं तेव्हा त्याने ते स्वतःसाठी न घेता पदासाठी घेतलं. दाराच्या पितळी पत्रपेटीवर आजही फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी असंच कोरलेलं आहे.

या सगळ्या इतिहासात खरा प्रश्न एकच, पंतप्रधान टिकतो कोणाच्या जोरावर? सुरुवातीला राजाची मर्जी आणि हाउस ऑफ कॉमन्स या संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहातलं बहुमत दोन्ही लागायचं. कॉमन्स हातातून गेल्यावर वॉलपोल गेला, अमेरिकेतल्या पराभवानंतर १७८२ मध्ये लॉर्ड नॉर्थही गेला. पण १७८३ चं प्रकरण जास्त महत्त्वाचं आणि ते आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीवरून झालेलं. कंपनीवर अंकुश आणायचं मंत्री फॉक्सचं बिल कॉमन्सने पास केलं होतं, राजा तिसऱ्या जॉर्जने लॉर्ड्सच्या, म्हणजे सरदारांच्या, सभागृहात दबाव आणून ते पाडलं, सरकार बरखास्त केलं आणि २४ वर्षांच्या धाकट्या विल्यम पिटला बसवलं. पिट कॉमन्समध्ये मतदानं हरत राहिला तरी हटला नाही, आणि १७८४ ची निवडणूक जिंकून मग त्यानेच कंपनीसाठी स्वतःचा कायदा आणला. राजाची ही ताकद पुढे आटली. १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमने पंतप्रधान मेलबर्नला काढलं पण काही महिन्यांत त्यालाच परत बोलवावं लागलं, त्यानंतर कुठल्या राजा-राणीने सरकार बरखास्त केलेलं नाही.



मतदार वाढले तसा जोर तिकडे सरकला. १८६८ मध्ये पंतप्रधान डिझरायली निवडणूक हरला आणि नवीन संसद भरायची वाटही न बघता राजीनामा देऊन मोकळा झाला, ही नवीनच गोष्ट होती. लॉर्ड्समध्ये बसून देश चालवणारा शेवटचा पंतप्रधान सॉल्सबरी, १९०२ पर्यंत. बंगालच्या फाळणीवाला कर्झन १९२३ मध्ये पदाच्या अगदी जवळ आला होता, पण तो लॉर्ड होता हे त्याला नडलं आणि बाल्डविन झाला. १९६३ ला पंतप्रधान झालेल्या लॉर्ड होमला तर सरदारकी सोडून कॉमन्सवर निवडून यावं लागलं.

पदाला सरकारी मानमरातबात जागा मिळाली ती थेट १९०५ मध्ये, आणि कायद्याने पगार १९३७ मध्ये. त्याच कायद्याने विरोधी पक्षनेत्यालाही पगार सुरू केला, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

बहुमत म्हणजे नुसतं आकड्यांचं काम नाही हे १९४० मध्ये दिसलं. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्वेच्या मोहिमेवरच्या चर्चेनंतर मतदानात पंतप्रधान चेंबरलेन ८१ मतांनी जिंकला, तरी स्वतःचेच खासदार फुटलेले आणि विरोधातला लेबर पक्ष त्याच्या हाताखाली यायला तयार नाही, म्हणून जावं लागलं आणि चर्चिल आला. थॅचरबाई सलग तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या होत्या, एकही हरल्या नाहीत, त्यांना १९९० मध्ये घालवलं ते पक्षाच्याच खासदारांनी. २०२२ मध्ये लिझ ट्रस यांना पक्षाच्या सदस्यांनी निवडलं होतं पण खासदार पाठीशी उभे राहिले नाहीत आणि ४९ दिवसांत सगळं आटोपलं. त्यांच्यानंतर ऋषी सुनक आले तेव्हा पुरेसा पाठिंबा असलेला दुसरा उमेदवारच उरला नव्हता, त्यामुळे सदस्यांचं मतदान झालंच नाही.