४०१-के: रॉथ की ट्रॅडिशनल, नोव्हेंबरातच विचारा
(आमच्याकडे टॅक्स रिटर्न भरणाऱ्या न्यू जर्सीतील ग्राहकांसाठी)

४०१-के म्हणजे नोकरीत पगारातून कापून भरलं जाणारं निवृत्तीचं खातं; रॉथ आणि ट्रॅडिशनल हे त्याचे दोन प्रकार. मार्चमध्ये डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म) टेबलावर ठेवून बरेच जण विचारतात, "गेल्या वर्षी सगळं रॉथमध्ये गेलं. आता ट्रॅडिशनल करून टॅक्स वाचवता येईल का?" नाही येत. ४०१-केचे पैसे कुठे जायचे ते पगारातून कापतानाच ठरतं. रॉथचं ट्रॅडिशनल मागाहून होत नाही. आयआरएमध्ये (स्वतः उघडलेल्या निवृत्तीच्या खात्यात) रिटर्नच्या मुदतीपर्यंत अशी फिरवाफिरव चालते, म्हणून हा घोळ. डब्ल्यू-टूच्या १२ नंबरच्या चौकटीत 'डी' दिसला तर ट्रॅडिशनल, 'एए' दिसला तर रॉथ. 'डी'समोरची रक्कम पहिल्या चौकटीतल्या पगारातून आधीच वजा झालेली असते. ती पुन्हा वजा करा म्हणून कृपया हटून बसू नका.

ट्रॅडिशनलमध्ये टॅक्स आज वाचतो, पैसे काढताना भरावा लागतो. रॉथमध्ये आज भरायचा. मग वय साडेएकोणसाठ आणि खात्याला पाच वर्षं झाली की वाढीसकट रक्कम करमुक्त. फेडरल टॅक्सच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात हजार डॉलर ट्रॅडिशनलमध्ये टाकले तर हातातला पगार ७८०नी घटतो, रॉथमध्ये पूर्ण हजारांनी. निवृत्तीनंतरही दर तोच राहिला तर दोन्हींत फरक नाही. म्हणून नुकतीच नोकरी लागलेल्यांना, ज्यांचा दर आज कमी असतो, आम्ही सहसा रॉथ सुचवतो; नवरा-बायको दोघांचे पगार भरात असतील, म्हणजे दर आज जास्त असेल, तर ट्रॅडिशनल. "आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला रॉथ चालत नाही" हे रॉथ आयआरएबद्दल खरं; ४०१-केला ती अट नाही. २०२६ची मर्यादा २४,५०० डॉलर, दोन्ही मिळून, आणि वर्षात नोकरी बदलली तरी माणशी एकच. वयाच्या पन्नाशीनंतर या मर्यादेवर जी जादा रक्कम टाकता येते ती वेगळी, पण २०२५मध्ये त्याच कंपनीकडून दीड लाख डॉलरच्या वर पगार घेतला असेल तर ती आता रॉथमध्येच टाकावी लागते.

भारतात परतायचा बेत असेल तर आधी सांगा. इथे करमुक्त ते तिथेही करमुक्त, असं धरून चालू नका.

फोनवर आम्ही झटपट उत्तर देत नाही, यावरून काही जण रुसतात. जोडीदाराचा पगार न पाहता सल्ला देणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. दोघांचे ताजे पे-स्टब घेऊन नोव्हेंबरात या. अर्ध्या तासाचं काम आहे, आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्यांना त्याची वेगळी फी नाही. पेरोलमध्ये केलेला बदल लागू व्हायला एखादा पगार जातो, तेव्हा ख्रिसमसची सुट्टी संपवून येऊ नका.