जाड कादंबऱ्यांची गोडी : पार्श्वभूमी

लांबलचक कादंबरी एकोणिसाव्या शतकात जन्मली हा समज चुकीचा आहे. जपानी लेखिका मुरासाकी शिकिबूची ‘गेंजी मोनोगातारी’ अकराव्या शतकाच्या सुरुवातीची आणि ५४ प्रकरणांची. फ्रान्समध्ये मादलेन द स्क्युदेरीची ‘आर्तामेन’ १६४९ ते १६५३ या काळात दहा खंडांत आली (छापली भावाच्या नावाने). पानं सुमारे १३,०००! आणि लोकांनी ती हौसेने वाचली.

इंग्रज कादंबरीकार रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ १७४७-४८मधली, सात खंडांची, सगळी पत्रांतून सांगितलेली. रिचर्डसनला गोष्टीसाठी वाचायला बसाल तर कंटाळून गळफास लावून घ्याल, भावनेसाठी वाचा, असं त्याच काळातले इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सन म्हणत. जाड कादंबरी का आवडते, याचं हे जुनं आणि अजूनही बरंचसं पटणारं उत्तर.

पुढे बाजारालाच लांबी हवीशी झाली. इंग्लंडमध्ये कादंबरी तीन खंडांत काढायची पद्धत रुळली. संचाची किंमत दीड गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग), पण १८४२ साली सुरू झालेल्या मूडीच्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी एक गिनी, तीही एका वेळी एकाच खंडासाठी. त्यामुळे एकच कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांच्या घरी फिरे. लेखकाला मात्र तीन खंड भरावेच लागत, आणि ताणलेपण बहुधा मधल्या खंडात दिसे. १८९४ साली मोठ्या वाचनालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून जास्त द्यायला नकार दिला आणि तीन-चार वर्षांत हा प्रकार जवळपास संपला.

दुसरी वाट हप्त्यांची. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७मध्ये महिन्याला एक शिलिंग दराने निघाली. लवकरच साचा ठरला : ३२ पानं, दोन चित्रं, एकूण वीस भाग, शेवटचे दोन एकत्र. पॅरिसच्या दैनिकांतही क्रमशः कादंबऱ्या चालत, आणि ‘थ्री मस्केटिअर्स’वाल्या द्यूमासारख्यांना ओळीवर पैसे मिळत. साहजिकच संवाद तुटक, ओळी भरपूर.

हप्त्यांमुळे लिहिण्याची रीतही बदलली. महिनाभराने भेटणारं पात्र वाचकाला चटकन ओळखू यावं म्हणून डिकन्स त्याला एखादी लकब किंवा पालुपद चिकटवून देई. आज तीच कादंबरी आठवड्यात संपवणाऱ्याला ते पालुपद डोक्यात जातं. दोष लेखनाचा कमी, वाचण्याच्या वेगाचा जास्त.

पण सगळं श्रेय बाजाराला देता येत नाही. तीन खंडांची सक्ती संपल्यावरही फ्रेंच लेखक प्रूस्तची ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ ही सात भागांची कादंबरी आली (१९१३ ते १९२७), साधारण साडेबारा लाख शब्दांची. तिच्या शेवटच्या भागात एका मेजवानीत जुनी माणसं पुन्हा भेटतात. ती इतकी म्हातारी झालेली असतात की निवेदकाला वाटतं, यांनी सोंगं घेतलीत. इथवर आलेला वाचकही त्यांच्या चेहऱ्यांमागे आपल्या ओळखीची माणसं शोधू लागतो, कारण त्यांना त्याने शेकडो पानांपूर्वी, महिन्यांपूर्वी पाहिलेलं असतं. सारांश वाचणाऱ्याला ही फक्त माहिती मिळते. कादंबरी वाचणाऱ्याला आठवण येते. ही आठवण तयार व्हायला पानंच लागतात, छोट्या कादंबरीत कितीही कसब असलं तरी तेवढा अवधी मिळत नाही. जाड कादंबरीच्या गोडीचं मूळ आमच्या मते इथे आहे.

वेळेचा हिशेब वाटतो तेवढा भयंकर नाही. १८६९ साली पूर्ण छापून झालेल्या टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या इंग्रजी अनुवादात पावणेसहा लाखांच्या आसपास शब्द भरतात. मिनिटाला सव्वादोनशे शब्द धरले तर साधारण ४३ तास, म्हणजे रोज अर्धा तास वाचून तीन महिने.

वाचक गळतात ते बहुधा पहिल्या शंभर पानांत आणि नावांपायी. रशियन माणसाला स्वतःचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव, शिवाय लाडाची नावं. एकाच माणसाची चार माणसं वाटू लागतात. एक चिठ्ठी खूण म्हणून पुस्तकातच ठेवावी आणि प्रत्येकाची सगळी नावं एका ओळीत लिहीत जावीत. तयार वंशावळ बघू नये, तिच्यात पुढची लग्नं आणि मृत्यू आधीच कळून जातात. आठवड्याहून जास्त खंड पडला तर पहिल्या पानाकडे परतायचं कारण नाही. शेवटचं वाचलेलं प्रकरण पुन्हा वाचलं की बहुतेक धागे हाती लागतात.