भवानी तलवार : देवीनं तलवार दिली की देवी तलवारीत आली?

दसऱ्याला साताऱ्यात राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यातनं शिवाजी महाराजांची भवानी तलवार पालखीत बसून निघते आणि वाजतगाजत पोवई नाक्यावर शिलंगणाला जाते, लहानपणापासून बघतोय, आणि गर्दीत दरवर्षी एखादं पोरगं बापाला विचारतंच की ही खरंच देवीनं दिलेली काय ओ. बाप हो म्हणतो. मीही हो म्हणेन, पण त्या 'दिली' शब्दामागं लई मोठी गोष्ट आहे.

कॅलेंडरवरचं चित्र घराघरात आहे, महाराज देवीपुढं बसलेत आणि देवी तलवार हातात देतेय. तुळजापूरला नवरात्रात भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात ती ह्याच प्रसंगाची. पण त्याआधीचं लिखाण बघा. कवींद्र परमानंदाचं शिवभारत महाराजांच्या काळातलं, संस्कृतमधलं, त्यात अफजलखानाच्या भेटीआधी देवी दर्शन देते आणि सांगते की मीच तुझी तलवार होऊन तुझ्या हातात आलेय. म्हणजे तलवार वरनं आली नाही, ती महाराजांचीच होती, देवी तिच्यात उतरली! मला विचाराल तर ही जुनी गोष्ट कॅलेंडरपेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण हिच्यात हत्यार आणि ते पेलणारा हात दोन्ही आपलेच राहतात आणि देवी बाजूला उभी न राहता वारात सामील होते. पुढं गोष्ट तोंडोतोंडी फिरत गेली तसं 'आली' चं 'दिली' झालं असावं, असं माझं मत.

आता खानाच्या भेटीचा दिवस, १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. शिवभारतात वार कृपाणाचा, म्हणजे तलवारीचा आहे, पण सभासदानं जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरनं बखर लिहिली तिच्यात वाघनख आणि बिचवा, म्हणजे छोटा वाकडा खंजीर आहे. त्यामुळं भवानीनंच खान मारला असं छातीठोक सांगता येत नाही. पण प्रतापगडावर महाराजांनी भवानीचं देऊळ बांधलं, यश कुणाचं मानलं ते त्यात आलंच.

पातं कुठलं होतं ह्यावरनं उगाच भांडणं होतात. त्या काळी युरोपातनं आलेल्या लांब सरळ पात्यांना आपल्याकडं फिरंग म्हणायचे, पातं तिकडचं आणि मूठ इथल्या कारागिरानं बसवलेली, चांगलं पोलाद, वाकवलं तरी परत सरळ होणारं, आणि मराठ्यांना अशी पाती आवडायची. पातं परदेशी निघालं म्हणून देवीचं काय कमी होतं? परमानंदाच्या गोष्टीत तर पातं कुठलं हा प्रश्नच येत नाही.

पुढचा माग अवघड आहे. १६८९ ला रायगड पडला, महाराजांचे नातू शाहू महाराज लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेले. सातारला इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं इतिहासात लिहून ठेवलंय की शाहूंच्या लग्नात औरंगजेबानं भवानी तलवार आणि अफजलखानाची तलवार दोन्ही त्यांना दिल्या. साताऱ्याच्या तलवारीवर मात्र शाहू महाराजांचं नाव कोरलेलं आहे, म्हणून काही अभ्यासक ती शाहूंचीच मानतात. मला दोन्ही बाजू ऐकून घ्याव्याशा वाटतात, आणि शिलंगणाला हात जोडताना ह्यातलं काहीच आड येत नाही.

आणि लंडनचं एकदा कळू द्या. १९८० च्या सुमारास अंतुलेंनी मुख्यमंत्री असताना भवानी तलवार परत आणायची हाक दिली, तेव्हापासून तर लोकांच्या डोक्यात ती लंडनला आहे असंच बसलंय. तिथं राजघराण्याच्या संग्रहात जी आहे ती १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडनं भेट म्हणून गेली, तेव्हा महाराज अजून अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांच्या हातात होता. हिरे-माणकं जडवलेली ती तलवार कोल्हापूरकर जगदंबा म्हणून ओळखतात. ती वेगळी, भवानी वेगळी.