यकृताचा सिरोसिस

यकृतातील निरोगी पेशी मरत जाऊन त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू साचतात आणि मऊ, गुळगुळीत यकृत निबर व गाठाळ होते, त्या अवस्थेला सिरोसिस किंवा यकृतकाठिण्य म्हणतात. हे नाव फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी 1819 मध्ये दिले. स्टेथोस्कोप शोधणारे तेच. अशा यकृताचा रंग पिंगट दिसला म्हणून त्या अर्थाचा ग्रीक शब्द त्यांनी घेतला.

प्रौढाचे यकृत साधारण दीड किलोचे असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रतिहारी शिरेने येते, म्हणजे पचलेले अन्न आधी यकृताच्या हाताखालून जाते. साखर साठवणे, पित्त तयार करणे, अमोनियाचे युरियात रूपांतर करणे, अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे ही त्याची नित्याची कामे.

सिरोसिस म्हणजे दारू, हे समीकरण अपुरे आहे. हिपॅटायटिस बी व सी, मधुमेह-लठ्ठपणासोबत येणारे चरबीयुक्त यकृत, काही आनुवंशिक विकार, यांनीही तो होतो. थेंबभर दारू न घेतलेल्यांनाही. भारतातील बालसिरोसिसचे कारण तर स्वयंपाकघरात सापडले. पितळी-तांब्याच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ताक कळकते हे घरोघरी माहीत होते; दूध मात्र त्यात निर्धास्त तापवून ठेवले जाई, आणि त्यात उतरलेले तांबे बाळाच्या यकृतात साचे. पुण्यातील बालरोगतज्ज्ञ व ब्रिटिश संशोधकांनी 1983 मध्ये हा संबंध मांडला. घरात स्टीलची भांडी रुळली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

यकृताची राखीव ताकद मोठी, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढे तंतूंमुळे रक्ताची वाट अडते, प्रतिहारी शिरेतील दाब वाढतो आणि पोटात पाणी होते (जलोदर). अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या तर रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होते. हा जिवावरचा प्रसंग, इथे घरगुती उपाय करत बसू नये. कावीळ होते. रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागतो, बोलण्यात भरकटतो. हात पुढे धरायला सांगितले की पंजे पंखांसारखे फडफडतात. यकृताच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मूळ कारण वेळीच थांबवले तर तंतू काही अंशी विरतात. यकृत पूर्ण निकामी झाल्यास प्रत्यारोपण करतात. त्यासाठी जिवंत दात्याच्या यकृताचा एक भागही चालतो. उरलेला भाग काही महिन्यांत पुन्हा वाढतो.