शोधनिबंधाचा साचा आला कुठून?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट संपत आला की बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एकच घाई सुरू होते. ‘सर, पेपर टाकायचाय.’ कुणाकडून तरी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचा दोन रकान्यांचा टेम्प्लेट येतो आणि सारांश, प्रस्तावना, पूर्वीचं काम, पद्धत, निष्कर्ष असे त्याचे खण भरले जातात. हे खण का पडले, ते मात्र आम्ही शिकवत नाही. शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं. आधी कुणी शोधलं याची तारखेसह नोंद होऊ लागली. तरी लपवण्याची सवय लगेच गेली नाही. रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये छापला तो अक्षरं उलटसुलट करून. उलगडा केला दोन वर्षांनी. श्रेय आपलं राहावं, पण गुपित फुटू नये! आज पद्धत इतकी खुलासेवार लिहायची, की दुसऱ्याला तेच काम पुन्हा करून बघता यावं. हूक यांच्या कोड्यापासून इथवर यायला बराच काळ गेला.

‘पूर्वीचं काम’ हा खण मुलं सर्वांत कंटाळून भरतात. त्यांना मी ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांची गोष्ट सांगतो. १९३६ मध्ये संगणकशास्त्र नावाचा विषयच नव्हता, म्हणून यंत्राला कोणती गणितं सुटतात आणि कोणती नाहीत यावरचा त्यांचा निबंध गणिताच्या नियतकालिकाकडे गेला. तो पाठवण्याच्या बेतात असतानाच कळलं की अमेरिकेत अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेनं त्याच उत्तरापाशी आधीच पोचले आहेत. ट्युरिंगनी ते झाकलं नाही. निबंधाला पुरवणी जोडली आणि ‘गणना’ म्हणजे काय याच्या दोघांच्या व्याख्या एकच आहेत हे सिद्ध करून दाखवलं. पूर्वीचं काम लिहायचं ते असं. दहा पेपरांचे दहा परिच्छेद ओळीनं मांडणं म्हणजे ते नव्हे.

अक्षरजुळणीचीही कथा आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर छापलेली होती. १९७७ मध्ये नव्या फोटो-जुळणीची प्रुफं हातात आली, ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःच टेक ही संगणकावर अक्षरजुळणी करणारी प्रणाली लिहायला घेतली. आपली मुलं निबंध जुळवायला वापरतात ते लाटेक त्यावरच उभं आहे.

आणि निबंध लांबलचकच हवा असं कुठे आहे? ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवण्याची रीत नऊ पानांत लिहून जाणकारांना ईमेलनं पाठवली. काही दिवसांतच ती बरोबर असल्याचं जगभर मान्य झालं. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बीटेक पूर्ण केलं होतं.

आपल्याकडे ही घाई नियमांतून आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर सक्तीचा केला. २०२२ मध्ये ती सक्ती उठली, पण तोवर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली होती. माझाच एक पेपर अशा ठिकाणी तीन दिवसांत छापून आला. तक्त्यातली चुकलेली बेरीज जशीच्या तशी. कुणी वाचलंच नव्हतं. ते अजून टोचतं.

यंदा खानापूरकडचा, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला एक मुलगा मसुदा घेऊन आला. फोटोतल्या दोन भाषांतल्या पाट्या वाचणारा प्रोग्रॅम. सुरुवात ‘आजच्या डिजिटल युगात’नं. मी म्हटलं, इंग्रजी राहू दे बाजूला, केलंस काय ते सांग. म्हणाला, ‘पाटीवर कन्नड नि मराठी दोन्ही असली की प्रोग्रॅम गडबडतोय सर. खरं मराठीच्या ओळीला शिरोरेषा असते, कन्नडला नसते. ती बघूनच आम्ही ओळी वेगळ्या करालोय.’ हे मसुद्यात चौथ्या पानावर होतं. ते पहिल्या परिच्छेदात आणलं. शिरोरेषा न देता रंगवलेल्या मराठी पाट्यांवर ही पद्धत चुकते, तेही त्यानं स्वतःहून लिहिलं, आणि चुकलेल्या एका पाटीचा फोटो शेजारी लावला.