आंतरराष्ट्रीय व्यवसायात पीएचडी: दारं कोणती, कागद कोणते

एमबीएला इंटरनॅशनल बिझनेस घेतलेले बरेच जण पीएचडीच्या जाहिरातीतही तोच विषय शोधतात आणि दिसला नाही की जाहिरात सोडून देतात. घाई होते ती इथेच. बहुतेक आयआयएममध्ये तो स्वतंत्र विभाग नसतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचं काम स्ट्रॅटेजीत चालतं, निर्यात बाजारपेठांचं मार्केटिंगमध्ये, थेट परकीय गुंतवणुकीचं अर्थशास्त्रात. म्हणून आधी प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध बघा, मग विभाग ठरवा. या विषयासाठीच उभी राहिलेली संस्था हवी असेल तर आयआयएफटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरिन ट्रेड) आहे. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली, १९६३ साली स्थापन झालेली ही संस्था दिल्लीत आहे आणि कोलकाता व काकीनाड्यालाही तिची केंद्रं आहेत. तिसरा मार्ग आपल्या विद्यापीठांच्या व्यवस्थापन आणि वाणिज्य शाखांचा.

पात्रता

विद्यापीठांना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडी नियम लागू आहेत. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के हवेत. चार वर्षांची पदवी करून थेट यायचं तर ७५ टक्के. एससी, एसटी, नॉन क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना पाच टक्क्यांची सूट मिळते. एमफिलची पायरी आता उरलेली नाही.

दोन वर्षांचा पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, केला असेल तर जरा थांबा. तो एमबीएला समकक्ष असल्याचं एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघाचं) पत्र तुमच्या संस्थेकडे आहे का, हे अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या. पडताळणीच्या टेबलावर हा प्रश्न निघाला की धावपळ होते. सीए किंवा कंपनी सेक्रेटरी झालेल्यांनाही अनेक आयआयएम पात्र धरतात, पण टक्केवारीची अट प्रत्येकाची वेगळी असते.

प्रवेश परीक्षा

जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) सह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश आणि फक्त पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन गटांना नेटच्या गुणांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के, आणि हे गुण प्रवेशासाठी वर्षभरच चालतात. व्यवस्थापन आणि वाणिज्य या दोन्ही पेपरांत आंतरराष्ट्रीय व्यवसाय आहे. वाणिज्यात तर पहिल्याच घटकात. सगळ्यांना समान असलेला पहिला पेपर आणि तुमच्या विषयाचा दुसरा पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडू नका.

आयआयएमचा हिशोब निराळा. तिथे कॅट, जीमॅट, जीआरई असे गुण चालतात, कार्यक्रम पूर्णवेळ असतो, विद्यावेतन मिळतं आणि सुरुवातीचा मोठा काळ अभ्यासक्रमातच जातो.

कागदपत्रं

गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, आधार, फोटो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते जातीच्या दाखल्यांपाशी. आयआयएम आणि आयआयएफटी या केंद्राच्या संस्था. तिथे ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत आहे एवढ्याने भागत नाही. सेतूमधून तीन वर्षांसाठी काढलेलं नॉन क्रिमिलेअरही तिथे बहुधा चालत नाही, चालू वर्षाचं मागतात. मराठा उमेदवारांचं राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्रात लागू नाही. उत्पन्नात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा, तोही त्याच आर्थिक वर्षाचा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

नोकरी सांभाळून करणाऱ्यांना ना हरकत प्रमाणपत्र लागतं. कंपनीच्या एचआरचं दोन ओळींचं पत्र पुरत नाही. अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात.

एडटेक कंपनीमार्फत परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी देतो, अशा जाहिराती या विषयात फार दिसतात. नावातच इंटरनॅशनल असल्यामुळे त्या खऱ्याही वाटतात. यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) २०२२ मध्येच सांगितलं आहे की अशा पदव्यांना मान्यता नाही. तिथे पैसे घालू नका.

संशोधन आराखडा

मुलाखतीचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. ‘भारताच्या निर्यातीवर जागतिकीकरणाचा परिणाम’ असा विषय घेऊन गेलात तर पहिल्या दोन मिनिटांत समितीचा रस संपतो. त्यापेक्षा नाशिकची द्राक्षं घ्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. त्यानंतर कोणते निर्यातदार युरोपातच टिकले, कोणी आखाताकडे मोर्चा वळवला आणि हा फरक कशामुळे पडला? हा प्रश्न झाला. त्याला सिद्धांताची बैठकही मिळते. कंपनी परदेशात पायरीपायरीने शिरते असं मांडणारं उप्साला प्रारूप १९७७ चं आहे. एका धक्क्यानंतर माघार घेणाऱ्या छोट्या निर्यातदाराला ते कितपत लागू पडतं, हे तुम्ही तपासणार.

समितीचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माहिती कुठून आणणार? डीजीसीआयएस या केंद्राच्या व्यापार आकडेवारी कार्यालयाचे आकडे वस्तूनिहाय आणि देशनिहाय मिळतात, निर्यातदाराचं नाव त्यात नसतं. प्रोवेस या कंपन्यांच्या माहितीसंग्रहात ताळेबंद सापडतात, पण पिंपळगाव बसवंतचा भागीदारीतला पॅकहाउसवाला (द्राक्षं निवडून निर्यातीसाठी पॅक करणारा) तिथे दिसणार नाही. मग अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची नोंदणीकृत पॅकहाउसची यादी घ्यायची आणि प्रत्यक्ष जाऊन मुलाखती घ्यायच्या. किती जणांच्या, कोणत्या तालुक्यांत, कोणत्या महिन्यांत, हे आराखड्यात लिहा. फक्त फेब्रुवारी-मार्च लिहू नका, ऐन हंगामात कोणी तासभर बसून बोलणार नाही.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे जास्तीत जास्त दहा. महिलांना या काळात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते.