कळलावीच्या कंदाला डोळे दोनच

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या झुडपांवर चढणारी, ज्वाळांसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्या उलट्या वळवून फुलणारी कळलावी अंगणात मात्र क्वचितच दिसते. ती लावली की घरात भांडणं होतात, ही समजूत त्यामागे आहे. 'कळ' म्हणजे भांडण तशा वेणाही. वेणा सुरू व्हाव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याचा जुना प्रघात होता. वेल कुणाची भांडणं लावत नाही, पण तो प्रघात खरोखर जिवावर बेतणारा होता. कंदात कॉल्चिसिन हे विष असतं. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे ते तयारच होऊ देत नाही, आणि विभाजन अर्ध्यावर अडकतं. कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून हाताळताना हातमोजे घाला आणि लहान मुलं, गुरं यांच्यापासून वेल दूर ठेवा.

लागवड फसते ती कंद बटाट्यासारखा समजल्यामुळे. बटाट्याला अंगभर डोळे असतात, त्यामुळे कुठलाही डोळस तुकडा रुजतो. कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा असतो (संस्कृतात तिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर) आणि त्याच्या दोन फाट्यांच्या फक्त टोकांवर एकेक डोळा असतो. टोक मोडलं की तो फाटा कितीही जाडजूड असला तरी पिठाचा नुसता साठा उरतो, त्यातून कोंब येत नाही. सांध्यावर अलगद वेगळे केलेले दोन फाटे मात्र दोन वेल देतात. आणखी एक गोष्ट: हा कंद वर्षानुवर्षं तोच राहत नाही. कोंब वाढताना तो रिकामा होत सुरकुततो, आणि खोडाच्या तळाशी नवा कंद भरू लागतो. ऐन फुलोऱ्यात उपटलेला वेल मरतो तो याचमुळे: जुना संपलेला, नवा अजून भरायचा. रानातला कंद उपटणं तसंही चूकच, रोपवाटिकेतून सुप्त कंद आणावा.

मे अखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर कंद आडवा, ५ ते ७ सेंमी खोल ठेवा. कुंडी फूटभर खोल हवी. माती, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत समभाग घ्या. पाणी साचलं की कंद कुजतो. शेतीत ५० ते ६० ग्रॅमचे कंद निवडतात, कारण बारीक कंद नुसती पानं देतो. कोंब फार ठिसूळ असतो, तो तुटला की त्या डोळ्याचा हंगाम गेला. पानाचं टोकच ताणा होऊन आधार धरतं, पण जाड बांबूला त्याचा वेढा बसत नाही. सुतळी किंवा बारीक काटक्या लावा.

बियांपासून करायचं तर ३-४ वर्षं फुलांची वाट पाहावी लागते. बोंडं पावसाळा सरल्यावर पिकतात. बियांवरचा लाल गर धुऊन, सावलीत वाळवून बी जूनपर्यंत ठेवा. ताज्या बियांना ६ ते ९ महिन्यांची सुप्तावस्था असते, म्हणून हिवाळ्यात पेरलेलं बी जागचं हलत नाही. बोंड धरत नसेल तर फुलातला कुक्षीवृंत बघा, म्हणजे पराग झेलणारं टोक (कुक्षी) जिच्यावर असतं ती दांडी: ती काटकोनात बाजूला वळलेली असते, त्यामुळे स्वतःचे पराग सहसा कुक्षीवर पडत नाहीत. दुसऱ्या वेलाच्या फुलातले पराग ब्रशने लावून बघावेत.

पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडून वेल वाळतो. तो मेलेला नसतो. पाणी पूर्ण बंद करा, कंद कोरड्या मातीतच राहू द्या आणि कुंडीवर चिठ्ठी लावा, म्हणजे कुणी ती रिकामी समजून उपसणार नाही.